घरात वाढलेला 'मगर मासा' यशवंत सागरात सोडावा का?

रामबागकर
नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे माशांचे, पक्ष्यांचे आणि दगडांचेही जाणकार आहेत म्हणून थेट विचारतो.

बहीण इंदूरला सुदामानगरात राहते. तिच्या चिरंजीवांना फिशटँकचा नाद. दुकानदाराने 'मगर मासा' म्हणून बोटभर पिल्लू गळ्यात मारलं, वर 'टाकी जेवढी तेवढाच वाढतो, काळजी नको' हेही सांगितलं. आता तो हातभर झालाय. चार फुटी टाकीत त्याला धड वळता येत नाही आणि बरोबरचे सगळे मासे यथावकाश त्याच्या पोटात गेले. रंग मळकट हिरवा-तपकिरी, तोंड रुंद आणि चपटं, दात बाहेरून दिसतात, पाठीवरचा पर पार शेपटीपाशी. मधूनच वर येऊन हवा गिळतो आणि परत काठीसारखा स्थिर.

घरात तट पडलेत. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, अमावस्येला ओंकारेश्वरला जाऊ, नर्मदेत सोडू, जीवदानाचं पुण्य लागेल. शेजारी म्हणतात एवढं लांब कशाला, इथला यशवंत सागर तलाव आहे की. भाचा म्हणतो कुठेही सोडायचा नाही, पण मोठ्या टाकीचा खर्च करायला त्याचे बाबा तयार नाहीत.

तर हा नक्की कोणता मासा? बाहेर जगेल का? आणि सोडणं बरोबर का? फोटो चढत नाहीये, वर्णनावर भागवून घ्या.

जिराळू
भिया, शेव टाकून बघा. खाल्ली तर इंदूरचा, नाही खाल्ली तर बाहेरचा.

कोकणी_जावई
लांब तोंड, शेपटीजवळ पर... हा आमचा टोळ दिसतोय. रत्नागिरीला भरपूर मिळतो, तळून उत्तम. हाडं हिरवट असतात, बघून घाबरू नका.

मत्स्यगंधा
टोळ नाही हो जावईबापू. टोळ समुद्रातला. त्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद नर्मदेत मिळतो, त्याला इकडे कव्वा म्हणतात. दोघांची चोच सुईसारखी बारीक आणि अंग हलकं. पाण्याच्या वरच्या थरात लपून झडप घालणाऱ्या माशांचा बांधा असाच होतो, नातं असो वा नसो.

रामबागकर, तुमच्याकडे 'गार' (gar) नावाच्या कुळातला मासा आहे, आणि रुंद तोंडावरून ॲलिगेटर गार. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना दातांच्या दोन-दोन ओळी दिसल्या तर शंकाच नको. डोक्यावर ठळक गोल ठिपके असते तर स्पॉटेड किंवा फ्लोरिडा गार म्हटलं असतं, ते त्या मानाने लहान राहतात. चोच खूपच लांब असती तर लाँगनोज. एकूण सात जाती आज जिवंत आहेत आणि सगळ्या उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि क्यूबातल्या. आपल्याकडे येतो तो शोभेच्या माशांच्या धंद्यातून, आणि दुर्दैवाने त्यात सगळ्यात जास्त खपतो तो सगळ्यात मोठा होणाराच.

'टाकी जेवढी तेवढाच वाढतो' ही या धंद्यातली सर्वांत जुनी थाप. मासा टाकी मोजून वाढायचं थांबत नाही. थांबलेला दिसला तर त्याचा कणा वाकलेला असतो, नाहीतर पाणी सडलेलं असतं. ॲलिगेटर गार पहिल्याच वर्षी फुटाच्या वर जातो आणि पूर्ण वाढलेला सहा फूट सहज होतो.

खवलं बोटाने चाचपून बघायची असली तर सांभाळून. रोहूसारखी एकावर एक सरकणारी पातळ खवलं नाहीत ती. शंकरपाळ्याच्या आकाराचे हाडाचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेलं चिलखत आहे, आणि त्यावर आपल्या दातांवरच्या एनॅमलच्या जातीचा चकचकीत थर. साध्या सुरीने हा मासा कापता येत नाही.

हवा गिळण्याचं म्हणाल तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी घशाला जोडलेली असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ती फुप्फुसाचं काम करते. मे महिन्यात तळी आटून पाणी कढत झालं की रोहू-कतला तोंड वासून मरतात, तिथे हा निवांत. थंडीचीही फिकीर नाही. अमेरिकेतला त्याचा प्रदेश इंदूरच्या जानेवारीपेक्षा गार आहे. तेव्हा 'बाहेर जगेल का' याचं उत्तर 'अगदी मजेत' असं आहे, आणि म्हणूनच सोडू नये.

जिराळू
गारपेक्षा गार 😄

ठोकताळा
एका माशाने काय होतंय? नर्मदा केवढी, हा केवढा! नुसता बाऊ करून राहिलेत लोक. नर, मादी, ऋतू, जागा सगळं जुळल्याशिवाय वंश वाढत नाही. एकटा सोडला तर जगेल पाच-पंचवीस वर्षं आणि मरेल.

तळ्याकाठी
ठोकताळा, हिशेब एका घराचा केलात. पण दुकानात पिल्लं विकली जातात ती एकाच घरासाठी नाही ना? ज्याच्याकडे वाढला तो प्रत्येक जण हाच हिशेब करतो आणि जवळचं तेच तळं गाठतो.

भोपाळचं आठवत असेल. एप्रिल २०२३ मध्ये बड्या तलावात खानूगावच्या बाजूला ॲलिगेटर गार जाळ्यात आला. दुसऱ्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात गाळ-शेवाळ काढताना सापडला. कोलकात्याच्या सुभाष सरोवरातही त्याआधी मिळालाय. केरळात २०१८ च्या पुरात लोकांच्या तळ्यांतून, टाक्यांतून निघून तो नद्यांत पोचला, त्याच्याबरोबर ॲमेझॉनचा अरापैमा. यातला एकही मासा चालत आला नव्हता.

आणि यशवंत सागर म्हणजे काय नुसता पाण्याचा हौद आहे का? सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही तलावांना २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला. सारस येतात तिथे. शिवाय तो गंभीर नदीवर आहे. गंभीर पुढे क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला. चंबळमध्ये खरे घडियाल आहेत, जे जगात मोजक्याच ठिकाणी उरलेत. सांडव्यावरून पावसाळ्यात पाणी सुटलं की मासा हातोदला थांबेल असं कोण सांगू शकतं?

ठोकताळा
बरं, मग एक उलटा प्रश्न. नर्मदेतला महसीर कुणी संपवला? गारने? एकामागून एक धरणं झाली, वाळू उपसली, वाहतं पाणी साचलं. मध्य प्रदेशचा राज्यमासा म्हणून महसीरचा मान आहे, पण नदी त्याच्यायोग्य उरली नाही. त्यावर धागा निघत नाही, आणि एका पोराच्या टाकीतल्या माशावर पन्नास प्रतिसाद.

तळ्याकाठी
महसीरबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. धरणं हेच मोठं कारण आहे आणि त्यावर तुम्ही धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण धरण रामबागकरांच्या हातात नाही, मासा आहे.

उजनीकडच्या मासेमारांना विचारा सकर माशाबद्दल. काच साफ ठेवतो म्हणून टाक्यांत आणला, मोठा झाल्यावर पाण्यात सोडला, आता जाळी त्याच्याने भरून येतात आणि काट्यांनी जाळी फाटतात. तोही कुणीतरी एकेकटाच सोडला होता.

मत्स्यगंधा
ठोकताळांचा वंशाबद्दलचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून नीट सांगते. ॲलिगेटर गारची मादी वयात यायला दहा वर्षांच्या वर घेते. नदीला पूर येऊन काठचं गवत पाण्याखाली गेलं की तिथे अंडी घालते, ती गवताला चिकटतात. पूर लवकर ओसरला की ती वीण वाया. त्यामुळे हा तिलापियासारखा दोन वर्षांत तळं भरून टाकणारा मासा नाही.

पण पावसाळ्यात पसरणारं पाणी, बुडालेलं गवत आणि कोमट तापमान हे सगळं आपल्याकडे दरवर्षी असतं. आणि हा पन्नास वर्षांच्या वर जगतो. आज एकाने सोडला, सात वर्षांनी दुसऱ्याने सोडला, तरी दोघं एकमेकांना भेटायला भरपूर काळ आहे. वंश नाही वाढला तरी पाच फुटी शिकारी एका लहान तळ्यात पन्नास वर्षं रोज जेवणार, हे काय कमी आहे?

जपानने २०१८ पासून गारचं सगळं कुळच बंदीच्या यादीत टाकलं, संकरही त्यात आले. नागोयाच्या किल्ल्याच्या खंदकात लोकांनी सोडले होते, ते पकडता पकडता नाकी नऊ आले. चीनमध्ये २०२२ मध्ये हेनान प्रांतातल्या रुझोऊ शहरात तर दोन गार पकडण्यासाठी अख्खं तळं उपसलं, लोक ते थेट प्रक्षेपणात बघत बसले होते. सोडायला एक मिनिट लागतं, काढायला तळं उपसावं लागतं.

आजेसासूबाई
मुलांनो, सासूबाईंची कोणी चेष्टा करू नका हं. जीव टाकीत तडफडतो ते त्यांना बघवत नाही, हे चांगल्या मनाचं लक्षण आहे. माझ्याही घरी अमावस्येला कणकेच्या गोळ्या माशांना घालायला नेतात.

पण दानाचे नियम असतात. नचिकेताची गोष्ट आठवा. बापाने यज्ञात गाई दान दिल्या, कोणत्या? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं, अशा भाकड गाई. पोराला ते खुपलं आणि त्याने विचारलं, मग मला कुणाला देता? घरात नकोसं झालेलं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं ही अडगळ काढणं झाली. नर्मदामैय्याच्या पोटात आधीच तिची लेकरं आहेत. त्यांच्या ताटात हा राक्षस वाढून ठेवायचा आणि पुण्य आपल्या नावावर? सासूबाईंना असं सांगून बघा, पटेल त्यांना.

रामबागकर
काकू, हे मी शब्दशः वाचून दाखवणार आहे. वैज्ञानिक कारणं सांगितली तेव्हा 'तुम्हा शिकलेल्यांना काय कळतंय' एवढंच उत्तर आलं होतं.

दगडफोड्या
आजवर गप्प वाचत होतो, पण 'परदेशी मासा, परदेशी मासा' ऐकून राहवेना. निवृत्त भूवैज्ञानिक आहे, थोडं लांबेल.

गार भारतात नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांतले मासे ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी तपासले आणि १९०८ साली वर्णन छापलं. त्यातल्या एकाचं नाव लेपिडोस्टियस इंडिकस. म्हणजे चक्क भारतीय गार! त्याच थरांतल्या दुसऱ्या एका माशाच्या नावात त्यांनी 'हिस्लॉपी' घातलं, ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांनी त्या भागातले जीवाश्म पहिल्यांदा गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेले इथे कुणी असतील तर त्यांना हे माहीत असावं.

लॅमेटा हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लम्हेटा घाटाचं. हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, नद्या-तळ्यांच्या गाळाचे. त्यांच्यावर दख्खनचा लाव्हा पसरला. इंदूर ज्या काळ्या दगडावर बसलंय, राजवाड्यापासून रालामंडलच्या टेकडीपर्यंत, तो हाच लाव्हा. तो एकदम नाही आला. एक थर आला, थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं आली, बेडूक-कासवं-मासे आले, मग पुढचा थर येऊन सगळं गाडलं गेलं. त्या मधल्या तळ्यांच्या गाळातही गारची खवलं मिळतात. मुंबईत वरळीला सापडलेले जीवाश्म बेडूक याच जातीच्या थरांतले.

खवल्यांचं मगाशी मत्स्यगंधा म्हणाल्या ते आमच्या फार कामाचं. मासा कुजतो, पण ते एनॅमलचं कवच टिकतं. डोंगर चाळून हाती एक चकचकीत चौकटीच्या आकाराचा दाणा लागला तरी भिंगाखाली ओळख पटते. मणकाही तसाच. बहुतेक माशांच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी खळगा असतो. गारच्या मणक्याला पुढून उंचवटा आणि मागून खळगा, एकात एक बसणारे, सरपटणाऱ्या प्राण्यांत दिसतात तसे. एक मणका सापडला तरी पुरे.

धार जिल्ह्यात बाग-कुक्षीकडे याच लॅमेटा थरांत डायनासोरची अंडी आहेत. २०२३ च्या जानेवारीत जो शोधनिबंध आला त्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली होती, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची. इंदूरहून गाडीने काही तासांच्या अंतरावर. हे डायनासोर जिथे पाणी प्यायला येत त्या काळातल्या भारतीय पाण्यात गार पोहत होते. डायनासोर गेले, गार राहिला.

जिराळू
म्हणजे काका, परदेशी नाहीच. माहेरी आलाय! मग साडी-चोळी करून यशवंत सागरात सोडायला हरकत काय?

ठोकताळा
जिराळू पहिल्यांदा कामाचं बोलला. आता बोला.

दगडफोड्या
वाटलंच होतं हे येणार. नाही, माहेर वगैरे काही नाही.

एक तर डोंगरगावचा गार आणि भाच्याचा गार एक जात नाही. कुळ एक, मधे साडेसहा कोटी वर्षं. दुसरं, जिथे तो होता तो भारत आता नाही. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. समुद्राने वेढलेला तुकडा उत्तरेकडे सरकत होता, हिमालय नव्हता, आजच्या रूपातली गंगा-यमुना नव्हती. आज नर्मदेत जे मासे आहेत त्यांच्यातले बहुतेक पुढे आले, आशियाला टेकल्यावर. त्यांनी गारसोबत राहायची सवय कधी लावून घेतलेली नाही. तुमच्या खापरपणजोबांचं घर ज्या जागेवर होतं तिथे आज दुसऱ्यांचा संसार असेल तर तुम्ही दार ढकलून आत जाता का?

तेव्हा गार भारतातच काय, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, युरोप, मादागास्कर असा सगळीकडे होता. हळूहळू सगळीकडून गेला, उत्तर अमेरिकेच्या बाजूला उरला. तिथे नॉर्थ डकोटात, डायनासोर संपवणाऱ्या उल्कापाताच्या खुणेच्या थराच्या जेमतेम वीतभर वर एक गार सापडला, २०२२ मध्ये त्याचं वर्णन आलं. उल्का पडल्यावर काही हजार वर्षांच्या आत तिथल्या नदीत हा मोठा शिकारी पोहत होता. खायला त्याला मासे मिळत होते म्हणजे नदीही सावरली होती. मला तरी ही गोष्ट डायनासोर मेल्याच्या गोष्टीपेक्षा जास्त वाचावीशी वाटते.

बायोची_बाई
दगडफोड्या काका, सुंदर. शाळेत 'आदिम मासा' म्हटलं की मुलं विचारतात, म्हणजे मागासलेला का? तर नाही. झडप घालायला त्याला डोकं फक्त बाजूला फेकावं लागतं आणि भक्ष्य दातांत अडकतं. ज्या कामासाठी तो बनलाय त्यात काही उणं नाही.

'जिवंत जीवाश्म' हा शब्दप्रयोग डार्विनने १८५९ मध्ये वापरला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर गोड्या पाण्यातले हे असलेच चिलखती मासे होते. तो नुसता अलंकार आहे की काही मोजता येतं, हे मात्र आता तपासलं गेलंय. २०२४ च्या एका अभ्यासात जबडा असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जनुकांमधल्या बदलांचा वेग ताडून पाहिला, त्यात गार सर्वांत सावकाश निघाले. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांच्यात जास्त कडक असावी असा संशोधकांचा अंदाज आहे.

गंमत पुढे आहे. टेक्सासमध्ये ॲलिगेटर गार आणि लाँगनोज गार यांचा निसर्गातच संकर होतो आणि ती पिल्लं पुढे प्रजननक्षमही असतात. या दोघांचा सामाईक पूर्वज निदान दहा कोटी वर्षांपूर्वीचा! माणूस आणि चिंपांझी सत्तर लाख वर्षांच्या आसपास वेगळे झाले, त्यावरून अंतर समजून घ्या.

अजून एक. २०१६ मध्ये स्पॉटेड गारचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. बहुतेक आधुनिक माशांच्या पूर्वजात एकदा सगळी जनुकं दुप्पट झाली होती, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशची माणसाशी तुलना करताना धागे गुंततात. गारची फांदी त्या दुपटीच्या आधीच वेगळी झाली. म्हणून मधे गार ठेवला की कुठलं जनुक कुठल्याचं भाऊबंद ते लागतं.

ह्यूस्टनची_मावशी
मूळची स्नेहलतागंजची, आता बरीच वर्षं टेक्सासात. इथे या माशाचा इतिहास वाचून वाईट वाटतं. ज्या माणसांना बाकीचे मासे गळाला लावायचे होते त्यांनी गारला चोर ठरवलं. १९३० च्या दशकात इथल्या सरकारी खात्याने पाण्यात वीज सोडून गार मारायची खास होडी बनवली होती. पुढे पोटं तपासली तर निघालं की तो खातो ते बहुतेक असे मासे, जे गळवाल्यांना नकोच असतात. आता टेक्सासात माणशी दिवसाला एकच ॲलिगेटर गार पकडायची मुभा आहे, हा नियम २००९ पासूनचा. काही राज्यांत तर तो संपल्यावर परत आणून सोडतायत.

म्हणजे तिथे वाचवायचा आणि तुमच्याकडे हाकलायचा, यात विरोध काही नाही. जागेचा प्रश्न आहे.

सर्वांत मोठा गार २०११ मध्ये मिसिसिपी राज्यात एका कोळ्याच्या जाळ्यात आला, १४८ किलो, लांबी साडेआठ फुटांच्या जवळ. माणसावर हल्ला केल्याची खात्रीशीर नोंद मात्र नाही, तेव्हा 'नरभक्षक' वगैरे बातम्या कुणी पाठवल्या तर पुसून टाका.

कोकणी_जावई
मावशी, खातात का?

ह्यूस्टनची_मावशी
हो, मांस खातात. लुईझियानात त्याचे वडे करतात. मेक्सिकोत टबॅस्को भागात त्याचा छोटा भाऊ अख्खा भाजून खातात. पण गाभोळी चुकूनही खायची नाही. गारची अंडी विषारी असतात, माणूस, पक्षी आणि चिंगाटीसारखे प्राणी यांना बाधतात. तुम्ही कोकणातले म्हणून मुद्दाम सांगते, गाभोळी दिसली की तुमचा हात थांबत नाही.

पूर्वी इथले मूळ रहिवासी त्याच्या खवल्यांची बाणांची टोकं करत आणि गोरे शेतकरी लाकडी नांगरावर त्याचं कातडं चढवत.

रामबागकर
धाग्याचं विद्यापीठ झालं! काकूंची नचिकेताची मात्रा लागू पडली. सासूबाईंनी ओंकारेश्वर रद्द केलं, पण टाकीत ठेवायला अजूनही विरोध. आता करायचं काय? दुकानदार परत घ्यायला तयार नाही. प्राणिसंग्रहालयात द्यावा का? मेहुण्यांच्या मित्राचं महूकडे शेत आहे, तिथे सिमेंटचा जुना हौद रिकामा पडलाय असंही निघालं.

ठोकताळा
सरळ मारून टाका. एक मासा मेला तर आभाळ कोसळत नाही, बाजारात रोज मण-मण मरतात.

मत्स्यगंधा
ठोकताळांचं बोलणं कडू आहे, पण तळ्यात सोडण्यापेक्षा ते बरं, हे मीही म्हणेन. वेळ आलीच तर घरी काही करू नका. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने मासे गुंगवतात, पण हा हवेवरही श्वास घेतो, त्यामुळे इतर माशांचं प्रमाण त्याला पुरत नाही आणि हाल होतात. पशुवैद्याकडेच जायचं.

प्राणिसंग्रहालयाला आधी लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत बादली घेऊन दारात उभं राहायचं नाही. त्यांच्याकडे जागा असेलच असं नाही.

हौद मला सर्वांत पटतो, पण तीन गोष्टी बघून. लांबी निदान पंधरा फूट आणि रुंदी आठ. रुंदी कमी असली तर वळताना तोंड घासून जखमा होतात. दुसरं, वर भक्कम जाळी. हा दचकला की उसळतो. पाणी काठोकाठ भरायचं नाही, जाळी आणि पाण्यात हातभर मोकळी हवा राहिली पाहिजे, नाहीतर मासा असूनही गुदमरून मरेल. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. हौदाचं जादा पाणी कुठे जातं ते आत्ताच बघून या. नाल्यात जात असेल आणि तोंडाला जाळी नसेल, तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात तुमचा मासा चंबळच्या वाटेला लागलेला असेल.

आणि भाच्याला सांगा, पन्नास वर्षांची जबाबदारी आहे. मृत्युपत्रात लिहावा लागेल.

रामबागकर
हौद लांबीला वीस फूट आहे म्हणतात, रुंदी मोजायला भाचा रविवारी जातोय. जादा पाणी शेताच्या चारीत पडतं, चारी नाल्याला मिळते. म्हणजे तिथे जाळी हवीच. खायला काय? बहीण आत्तापर्यंत कोंबडीचे तुकडे टाकत होती.

मत्स्यगंधा
कोंबडी बंद. चरबी त्याच्या यकृताला सोसत नाही. बाजारातल्या ताज्या माशांचे तुकडे, काटे असले तरी चालतील, अधूनमधून सोललेली कोळंबी. जिवंत गोल्डफिश टाकायची हौस नको, त्यांच्यातून रोग येतात आणि सतत तेच दिलं तर जीवनसत्त्व ब-१ कमी पडतं. रोज भरवायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उरलेलं त्याच दिवशी काढायचं.

चारीच्या तोंडाला एकच जाळी नको, पालापाचोळ्याने ती तुंबते आणि पाणी हौदाच्या कडेवरून जातं. आत एक, बाहेर एक, दोन लावा.

दगडफोड्या
रविवारी महूला जाताय तर बागचा बेत पुढच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून करू. जिराळू, हातोडी घरी ठेवायची. तिथला जीवाश्मांचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, एक खडाही उचलायचा नाही.

जिराळू
शेव तरी आणू का?

कोकणी_जावई
मासा न्यायचा कसा हे राहिलंच. आम्ही टोळ टोपलीत नेतो, पण तो मेलेला असतो.

मत्स्यगंधा
प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तोंडाने फाडतो. झाकणाचा लांब डबा किंवा थर्माकोलची मासळीची पेटी घ्या, मासा आडवा सरळ मावेल एवढी. पाणी पाठ बुडेल इतकंच, वरचा अर्धा भाग मोकळा, झाकणाला भोकं, आणि झाकण दोरीने बांधलेलं. आदल्या दोन दिवसांत खाऊ घालू नका म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नाही. पहाटे निघा. पकडताना जाळं नको, दात अडकतात. ओलं जाड फडकं डोक्यावर टाकून दोन माणसांनी उचलायचा, एकाने मागून शेपटी धरायची. भाच्याला पुढे उभं करू नका.